वाट्याला आलेलं वाद्य

गेल्या रविवारची गोष्ट. सकाळचे अकरा वाजलेले, दुसरा चहा होऊन गेलेला, आणि मी माझा बेस गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो. (बेस 'तो' की 'ती' हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. मी 'तो बेस' म्हणतो, आई 'ती तुझी लांबडी गिटार' म्हणते.) व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की स्पीकरमधून नुसती खरखर. समोर बाबा पेपर वाचत होते. पेपर तोच, सकाळपासून तिसऱ्यांदा.

बाबांना निवृत्त होऊन आता आठ महिने झाले. पहिले दोन महिने मजेत गेले. गावाला जाऊन आले, माळा आवरला, बँकेची कामं उरकली. मग कामं संपली आणि दिवस संपेनात. मी आपलं सुचवत असतो, पेटी शिका, कॅमेरा घेऊन देतो, काहीतरी करा. उत्तर ठरलेलं आहे: "आता या वयात शिकून काय दिवे लावायचेत?"

यावर मी काही बोलत नाही, कारण माझं तरी काय वेगळं आहे? कॉलेजात रोज दोन तास वाजवणारा मी, गेल्या वर्षभरात हा बेस पाच वेळासुद्धा बाहेर काढलेला नाही. ते एकसष्टाव्या वर्षी 'आता या वयात' म्हणतात, मी एकोणतिसाव्या वर्षी 'सध्या वेळ कुठे आहे' म्हणतो. रोग एकच, लक्षणं वेगळी.

तर आजचा विषय हा: उतारवयात बेस गिटार वाजवणारे आणि जमवणारे लोक. विषय चमत्कारिक वाटेल, पण जरा धीर धरा. यात इतिहास आहे, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आहे, आणि बाबांच्या प्रश्नाचं एक उत्तरही आहे असं मला वाटतं.

आधी, बेस म्हणजे काय?

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. साधा बेस गिटार म्हणजे चार जाड तारा, लांब दांडी, आणि गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खालचे स्वर. गाणं ऐकताना शंभरातल्या नव्वद लोकांना तो वेगळा ऐकूच येत नाही. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. पंचमची गाणी आपल्याला तोंडपाठ असतात, पण हे नाव किती जणांना माहीत असतं? बेसचं काम आपल्या धंद्यातल्या डेटाबेससारखं आहे. चालू आहे तोवर कुणी आठवण काढत नाही, पडला की सगळे धावत येतात. (नावातच बेस आहे, मी काय करू :-))

हे वाद्य तसं वयानं लहान. सतार, व्हायोलिन ही शेकडो वर्षं जुनी घराणेदार मंडळी. विजेवर चालणारा, गिटारसारखा आडवा धरायचा बेस सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास बनवून पाहिला, पण तो फारसा खपला नाही. खरी सुरुवात १९५१ ची, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावची. लिओ फेंडर हा तिथला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. शिक्षण हिशेबनिसाचं, १९३८ साली रेडिओचं दुकान टाकलेलं, आणि गंमत म्हणजे गिटार त्याला शेवटपर्यंत वाजवता आली नाही.

त्याच्याकडे येणाऱ्या वादकांची तक्रार साधी होती. तेव्हा बेस म्हणजे माणसापेक्षा उंच असा उभा डबल बेस. गाडीत मावत नाही, ड्रम आणि ट्रम्पेटपुढे ऐकू येत नाही, आणि त्याला पडदे नसल्यामुळे बोट जरा सरकलं की सूर हलला. लिओनं तारेची लांबी साधारण ४२ इंचांवरून ३४ वर आणली, सतारीला असतात तसे पडदे दिले, खाली पिकअप बसवला. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन बेस. १९६० साली त्याचा धाकटा भाऊ आला, जॅझ बेस. बारीक मानेचा, दोन पिकअपचा. पुढे कितीतरी वर्षं वादक मंडळी या वाद्याला नुसतं 'फेंडर बेस' म्हणत, आपण झेरॉक्स म्हणतो तसं.

आता इथे एक हिशेब करा. १९६०-७० च्या दशकात विशीत असताना ज्यांनी हे वाद्य हातात घेतलं, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणजे बेस गिटारसोबत म्हातारी झालेली ही जगातली पहिली मोठी पिढी. म्हातारपणी बेसचं काय करायचं हे त्यांना सांगायला आधीचं कुणी नव्हतं. त्यांनी आपापली उत्तरं शोधली.

कुणालाच नको असलेलं काम

दुसरी गंमत अशी, की यातल्या फार थोड्यांनी बेस स्वतःहून निवडला.

पॉल मॅकार्टनी १९६१ साली बीटल्सबरोबर हॅम्बुर्गमध्ये होता. बेसवाला स्टुअर्ट सटक्लिफ बँड सोडून चित्रकलेकडे गेला. बेस वाजवायची जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसनची तयारी नव्हती. राहिला पॉल. त्यानं साधारण ३० पौंडांना एक ह्योफनर बेस घेतला. व्हायोलिनच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे डावखुऱ्यानं उलटा धरला तरी विचित्र दिसणार नाही.

टोरंटोच्या गेडी लीची गोष्ट तशीच. शाळकरी पोरांचा बँड, बेसवाला सोडून गेला, उरलेल्यांनी मतदान केलं आणि बेस गेडीच्या गळ्यात पडला. हाच मुलगा पुढे 'रश' या कॅनडाच्या रॉक बँडचा गायक, बेसवादक आणि कीबोर्डवादक झाला. तिन्ही कामं एकाच माणसाकडे. स्टाफिंग कमी असलेला प्रोजेक्ट म्हणायचा.

कँपसमधून लागलेल्या माझ्या मित्रांना हे ओळखीचं वाटेल. जावा मागितली, मेनफ्रेम मिळालं. डेव्हलपमेंट मागितलं, टेस्टिंग मिळालं. वाट्याला आलेलं काम आपण करतो, चांगलं करतो, त्यावर पगार घेतो. पण त्याच्यावर प्रेम? ते फार वेळा होत नाही. गेडी ली मला आवडतो तो यासाठीच. त्याला हे प्रेम झालं, पण जवळजवळ चाळीस वर्षं उशिरा.

हत्यार आणि वस्तू

गेडीचं मूळ नाव गॅरी ली वाइनरिब. जन्म २९ जुलै १९५३. आईच्या पोलिश उच्चारात 'गॅरी'चं 'गेडी' झालं आणि तेच पुढे नाव झालं. आई-वडील दोघंही पोलंडमधले ज्यू, दोघंही ऑश्वित्झमधून वाचलेले. नंतर वडिलांना डाखाउला नेलं, आईला बर्गेन-बेल्सनला. युद्ध संपल्यावर वडिलांनी तिला शोधून काढलं, तिथल्याच निर्वासितांच्या छावणीत लग्न केलं आणि दोघं कॅनडाला आले. ज्यांच्या घरादाराचं काही म्हणता काही उरलं नव्हतं अशी ही माणसं.

गेडी बारा वर्षांचा असताना, १९६५ साली, वडील गेले. ज्यू रिवाजानुसार मुलानं पाळायचा दुखवटा जवळजवळ वर्षभराचा होता आणि त्या काळात संगीतही वर्ज्य. आईनं वडिलांचं दुकान चालवायला घेतलं. या सगळ्यातून बाहेर पडल्यावर पोराच्या हातात बेस आला.

पुढची चार दशकं बेस म्हणजे त्याच्यासाठी हत्यार होतं. सुताराला रंधा, तसा. एक प्रिसिजन, मग एक रिकनबॅकर, मग सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना कॅलमझू गावातल्या गहाणवटीच्या दुकानात सुमारे २०० डॉलरला मिळालेला १९७२ चा काळा जॅझ बेस. (कॅलमझू म्हणजे गिब्सन कंपनीचं माहेर. तिथे जाऊन यानं घेतला फेंडर!) पुढे हा गहाणवटीतला बेस त्याचा मुख्य बेस झाला, इतका, की १९९८ साली फेंडर कंपनीनं त्याच्यावरून गेडी लीच्या नावाचं मॉडेल काढलं. पण जुने बेस जमवावेत असं त्याच्या डोक्यातही नव्हतं. जमवायची हौस त्याला होती, पण ती वाईनची आणि बेसबॉलच्या जुन्या चेंडूंची.

२०१० च्या आसपास, साठीच्या उंबरठ्यावर, हे बदललं. आपण आयुष्यभर जे वाजवतोय ते कुणी बनवलं, का बनवलं, असंच का बनवलं, हे आपल्याला माहीतच नाही, असं त्याच्या लक्षात आलं. मग एक घेतला, दुसरा घेतला, आणि मग माणूस हाताबाहेर गेला. डिसेंबर २०१८ मध्ये त्याचं 'बिग ब्यूटिफुल बुक ऑफ बेस' हे पुस्तक आलं. चारशेवर पानं, अडीचशेच्या आसपास वाद्यांचे फोटो. फेंडर, गिब्सन, रिकनबॅकर, ह्योफनर, अँपेग, आणि कधी नावही ऐकलं नसेल अशा इटालियन कंपन्या. सोबत जॉन पॉल जोन्स, बिल वायमन, अॅडम क्लेटन अशा बेसवाल्यांच्या मुलाखती.

पैसेवाल्याचे चोचले, असं कुणी म्हणेल. आहेतच. पण पुस्तक चाळताना मला जाणवला तो पैसा नव्हे, मला जाणवलं कुतूहल. पासष्टीतला माणूस आठवीतल्या मुलासारखा वाद्याच्या पोटात डोकं घालून बसलाय.

पोटात काय असतं

आणि पोटात खरंच पाहण्यासारखं असतं. आपल्या जातीच्या लोकांना, म्हणजे लॉग फाइल वाचून रात्री काढणाऱ्यांना, हा भाग विशेष आवडेल.

जुना फेंडर बेस खरा आहे की नाही हे कसं ठरवायचं? पाठीवरचा किंवा प्लेटवरचा नंबर हा पहिला पुरावा, पण कच्चा, कारण प्लेटा कारखान्यात डब्यात पडलेल्या असायच्या आणि हाताला येईल ती लागायची. मग स्क्रू काढून मान वेगळी करायची. मानेच्या टोकाला पेन्सिलीनं लिहिलेली किंवा शिक्का मारलेली तारीख सापडते. पन्नाशीच्या दशकातल्या काही मानांवर 'टीजी' अशी अक्षरं दिसतात, ती टाडेओ गोमेझ या कारागिराची. त्या काळातल्या काही फेंडर वाद्यांच्या आत मास्किंग टेपचा तुकडा मिळतो, त्यावर 'मेरी', 'ग्लोरिया' अशी नुसती पहिली नावं. वायरिंग करणाऱ्या बायकांची. रॉकस्टारांची आडनावं जगाला पाठ आहेत. ज्या हातांनी डाग लावून जोडणी केली त्यांचं अर्धं नाव टेपच्या तुकड्यावर.

मग येतो व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा बदलता रेझिस्टर. त्याच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. समजा ३०४६२०५ असा आकडा आहे. पहिले तीन अंक बनवणाऱ्या कंपनीचे: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ असते तर सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे १९६२. शेवटचे दोन आठवड्याचे, पाचवा. म्हणजे हा पॉट फेब्रुवारी १९६२ च्या आरंभी बनला, वाद्य त्याआधीचं असूच शकत नाही. टाइमस्टॅम्पच की! मात्र कारखान्यात पॉट घाऊक यायचे आणि कधी वर्ष-दोन वर्षं पडून राहायचे, त्यामुळे 'यापूर्वी नाही' एवढंच सिद्ध होतं. मानेची तारीख, पॉटचा आकडा, बटणांची मांडणी हे सगळं एकमेकांशी जुळलं, की मग खरं मानायचं.

बटणांच्या मांडणीतही गोष्ट आहे. पहिल्या जॅझ बेसला एकावर एक बसवलेली दुहेरी बटणं असायची, प्रत्येक पिकअपला स्वतंत्र आवाज आणि स्वतंत्र टोन. १९६२ च्या सुमाराला ती गेली आणि आजची तीन साधी बटणं आली. दोनच वर्षांचा काळ, पण जमवणाऱ्यांचा जीव त्यातच अडकलेला.

आणि रंग! जास्तीचे ५ टक्के मोजले की फेंडर तुम्हाला खास रंग द्यायची. हे रंग ड्यूपाँटचे, मोटारींसाठी बनलेले. लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा, फिएस्टा रेड फोर्ड थंडरबर्डचा. वरचा लॅकरचा थर वयानुसार पिवळा पडतो, म्हणून पांढरा बेस लोण्यासारखा होतो आणि निळा हिरवट दिसायला लागतो. एकाच रंगाचे दोन बेस साठ वर्षांनी दोन रंगांचे. कोण उन्हात राहिलं, कोण धुरानं भरलेल्या बारमध्ये, कोण पलंगाखाली, ते रंग सांगतो. आणि कुणी हौसेनं नवा रंग मारला असेल, तर किंमत साधारण निम्म्यावर येते. सुरकुत्या झाकल्या की भाव पडतो, अशी ही उलटी दुनिया.

वाजवणं वेगळं, जमवणं वेगळं

पण नुसतं जमवणं म्हणजे कपाटात साड्या ठेवण्यासारखं. वाजवायचं काय?

इथे मला बेस हे उतारवयाला फार मानवणारं वाद्य वाटतं. एक म्हणजे सुरुवात सोपी. पहिल्या संध्याकाळी चार स्वर आले, की साध्या गाण्यामागे उभं राहता येतं. (त्यानंतर आयुष्यभर अवघड आहे, पण ते नंतर.) दुसरं म्हणजे बेस एकट्यानं वाजवण्यात फारशी मजा नाही, त्याला माणसं लागतात. आणि कुठल्याही हौशी ग्रुपमध्ये गिटारवाले पाच असतात, बेसवाला एकही नसतो. निवृत्त माणसाला आणखी काय हवं? कुणीतरी फोन करून 'तुम्ही आल्याशिवाय बसणार नाही' म्हणायला हवं.

शरीराचं मात्र ऐकावं लागतं. बेस चार-साडेचार किलोचा असतो, तासभर खांद्यावर घेतला की पाठ बोलते. खालच्या पडद्यांवर बोटं फाकवावी लागतात, मनगट दुखतं. म्हणून वय वाढलं की बरेच जण ३० इंचांच्या आखूड बेसकडे वळतात आणि बोटांना मऊ लागणाऱ्या चपट्या गुंडाळीच्या तारा लावतात.

रोलिंग स्टोन्सचा बिल वायमन तर पहिल्यापासून आखूड बेसवाला. हात लहान. १९६१ साली त्यानं एक स्वस्तातला जुना बेस घेतला, तासून लहान केला, आणि झिजलेले पडदे उपटून टाकले, नवे बसवायचे म्हणून. पण बिनपडद्याचा आवाजच इतका आवडला, की नवे बसवलेच नाहीत. पडदे नसलेला पहिला इलेक्ट्रिक बेस तोच, असं बरेच जण मानतात. १९९३ मध्ये, छपन्नाव्या वर्षी, त्यानं स्टोन्स सोडले. जगातला सगळ्यात मोठा बँड! आणि चार वर्षांनी काय केलं? छोट्या थिएटरांत जुनी ब्लूज वाजवणारा 'ऱ्हिदम किंग्ज' हा बँड काढला. स्टेडियममधून थिएटरात आला, पण बेस सोडला नाही.

मॅकार्टनीची गोष्ट तर सिनेमासारखी. त्याचा तो हॅम्बुर्गचा बेस ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये उभ्या असलेल्या व्हॅनमधून चोरीला गेला. पन्नास वर्षं पत्ता नाही. काही चाहत्यांनी आणि पत्रकारांनी चिकाटीनं शोध घेतला, आणि तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका घराच्या माळ्यावर सापडल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. थोडा मोडलेला, पण दुरुस्त होण्यासारखा. १९ डिसेंबर २०२४ ला लंडनच्या मंचावर ब्याऐंशी वर्षांच्या मॅकार्टनीनं तो गळ्यात घातला आणि वाजवला. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरानं घेतलेली ३० पौंडांची वस्तू. तिची आजची किंमत किती, हा प्रश्न त्या क्षणी कुणाला पडला असेल असं वाटत नाही.

आणि मग कुणाचं?

आता जरा कडू भाग. जमवणारा एक दिवस जातो, वस्तू राहतात.

'द हू'चा जॉन एंटविसल हा बेसवाल्यांतला मोठा संग्राहक. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या गोल गुंडाळीच्या खणखणीत तारा रोटोसाउंड कंपनीनं त्याच्यासोबत काम करून घडवल्या. मोडलेल्या पाच बेसचे सुटे भाग जोडून त्यानं एक चालू बेस केला होता, नाव 'फ्रँकेन्स्टाइन'. इंग्लंडमधलं त्याचं घर गिटारींनी भरलेलं. २७ जून २००२ ला, अमेरिकेचा दौरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, लास व्हेगासमध्ये तो गेला. वय सत्तावन. पुढच्याच वर्षी, मे २००३ मध्ये, सदबीजनं लंडनमध्ये त्याचा संग्रह लिलावात काढला. मिळकतीवरच्या करांसाठी पैसे उभे करायला वारसांना ते करावं लागलं. एका माणसानं तीस-चाळीस वर्षं एकत्र ठेवलेलं कुटुंब एका दुपारी शंभर दिशांना गेलं.

वायमननं शहाणपणा केला. सप्टेंबर २०२० मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी, त्यानं आपला साठा स्वतःच ज्युलियन्सकडे लिलावाला दिला. काही पैसे दानधर्माला. १९६९ चा एक फेंडर मस्टँग बेस ३,८४,००० डॉलरला गेला. गेडी लीनंही आपल्या चेंडूंचं तेच केलं. काही आधीच, २००८ मध्ये, कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग्ज बेसबॉल संग्रहालयाला देऊन टाकले, आणि बरेचसे डिसेंबर २०२३ मध्ये क्रिस्टीजमार्फत विकले.

मग जमवायचं तरी कशाला, असा प्रश्न पडतो. यावर मला लिओ फेंडर आठवतो. जानेवारी १९६५ मध्ये आजारपणाला कंटाळून त्यानं कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएसला विकली. पंचावन्न वर्षांचा माणूस, अमाप पैसा, आता आराम करायचा. पण संग्राहक ज्या वर्षांसाठी वेडे होतात, त्या 'प्री-सीबीएस' काळापाशी स्वतः लिओ थांबलाच नाही. तब्येत सुधारली, म्युझिक मॅन कंपनीत जाऊन १९७६ चा स्टिंगरे बेस केला. सत्तरीत जी अँड एल ही नवी कंपनी काढली. नंतर पार्किन्सन्स झाला, तरी रोज बाकावर येऊन बसायचा. २१ मार्च १९९१ ला गेला, आदल्या दिवसापर्यंत कामावर होता. आपली सर्वांत चांगली वाद्यं ही शेवटची, असं त्याचं मत होतं. बाजाराचं मत बरोबर उलट!

कोण बरोबर? जुन्या वाद्यात जीव गुंतवणारे, की त्याच वाद्याकडे पाठ फिरवून नवं करणारा त्याचा बाप? मला वाटतं दोघं एकच गोष्ट करत होते. वाट्याला आलेल्या वस्तूला विचारत होते, 'तू अशी का आहेस?' हा प्रश्न विसाव्या वर्षी विचारायला वेळ नसतो. तेव्हा रिलीज असते, दौरा असतो, हप्ता असतो. नंतर विचारला तरी तो तिथेच असतो, वाट बघत. आणि विचारणाऱ्याचं वय तो बघत नाही.

गेडीचं पुढे काय झालं ते सांगतो. १ ऑगस्ट २०१५ ला लॉस अँजेलिसच्या फोरममध्ये रशचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्या दौऱ्यात तो संग्रहातले जुने बेस एकामागून एक मंचावर आणून वाजवत होता. ड्रमर नील पर्टचं शरीर थकलं होतं, गेडीला अजून वाजवायचं होतं, पण थांबावं लागलं. ७ जानेवारी २०२० ला नील पर्ट गेला. त्याच सुमारास आईची स्मृती हरपत चालली होती. २०२१ मध्ये तीही गेली, पंचाण्णव वर्षांची होऊन. आईचं आठवणं बंद होतंय हे बघून गेडी स्वतःचं आठवलेलं लिहायला बसला, आणि २०२३ मध्ये आत्मचरित्र आलं. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यानं आणि गिटारवादक अॅलेक्स लाइफसननं जाहीर केलं, की २०२६ मध्ये अनिका निलेस या जर्मन ड्रमरसोबत रशचा दौरा होणार. आणि पहिला कार्यक्रम त्याच फोरममध्ये, जिथे थांबले होते तिथे. तेव्हा गेडीचं वय बहात्तर.

परत रविवार

तर त्या खरखरीचं काय झालं? बाबांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "पॉट गेलाय. उघड ते."

बाबा कॉलेजात असताना शेजाऱ्यांचे ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचे, हे मी ऐकून होतो, पाहिलं कधी नव्हतं. तीन स्क्रू काढून त्यांनी पत्रा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पॉट डोळ्यांशी नेला. "बी पाचशे के. अरे, हा लिनियर आहे. व्हॉल्यूमला लॉग लागतो." मी इंजिनिअर असून 'का?' असं विचारलं. मग अर्धा तास मला समजावलं, की कान आवाज सरळ रेषेत ऐकत नाही, दुप्पट ताकद दिली म्हणून दुप्पट ऐकू येत नाही, म्हणून बटणाची चाल कानासारखी वाकडी ठेवावी लागते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांच्या कधी कामी आलं नसेल. पण सगळं तिथेच होतं, जसंच्या तसं.

स्प्रे मारून खरखर तात्पुरती गेली. मी बेस खोक्यात ठेवायला निघालो तर म्हणाले, "राहू दे बाहेर."

बुधवारी मीटिंगमध्ये असताना फोनवर फोटो आला. तपकीर गल्लीतलं एक दुकान, तळहातावर दोन पॉट. खाली लिहिलं होतं: "ए २५० के. दोनच मिळाले. टोनसाठी तिसरा हवा. उद्या परत जाईन."

आज रविवार आहे. पेपर टेबलावर आहे, घडी न मोडलेला.